चार अंशांची जागा

भाईंदरच्या मिठागरांत पावसाळ्यात काम नसते, आणि उत्तनला बोंबील वाळवायच्या बांबूंवर जूननंतर काही टांगलेले दिसत नाही. कारण पाऊस, हे शेंबडे पोरही सांगेल. पण ते अर्धेच कारण आहे. जुलैत चार दिवस उघडीप मिळाली, लख्ख ऊन पडले, तरी गॅलरीत वाळत घातलेली जीन्स संध्याकाळी हाताला दमटच लागते. हवेत वाफ इतकी भरलेली असते की आणखी पाणी घ्यायला तिच्याकडे फारशी जागा उरलेली नसते. कॉम्प्युटरच्या वॉटर-कूलिंगमधले पाणी पेल्टियर लावून गार करायचे ज्याच्या मनात आहे, त्याने विचाराची सुरुवात या हवेपासून करावी. प्रत्यक्षात ती होते मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून.

लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत पेल्टियर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. ४० मिलिमीटरचा चौकोन, दोन पांढऱ्या सिरॅमिक चकत्यांमध्ये ओळीने बसवलेले काळसर दाणे, एक लाल तार, एक काळी. वर नंबर बहुधा टीईसी१-१२७०६. त्यातले १२७ म्हणजे दाण्यांच्या जोड्या आणि ०६ म्हणजे सहा अँपिअर. बारा व्होल्ट दिले की एक बाजू बोटाला गार लागते, दुसरी पाहता पाहता चटका देऊ लागते. ना पंखा, ना गॅस, ना हलणारा एकही भाग. पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला याची भुरळ पडते, आणि ती पडावीच. एवढ्या किमतीत एवढी शुद्ध भौतिकी बाजारात दुसरीकडे मिळत नाही.

आता समजा, मीरा रोडला वन-बीएचकेत राहणारा एखादा मुलगा थ्रीडीचे काम करतो किंवा रात्री गेम खेळतो. त्याचा प्रोसेसर पूर्ण भारावर १५० वॅट खातो. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. वॉटर-कूलिंग आहे, म्हणजे चिपवर तांब्याचा ब्लॉक, त्यातून फिरणारे पाणी, पंप, आणि पाण्यातली उष्णता हवेत टाकणारा पंख्यांचा रेडिएटर. खोली ३० अंशांवर असेल तर चांगल्या रेडिएटरनंतरचे पाणी ३५-३६ अंशांवर स्थिरावते. पंखे वाढवा, रेडिएटर मोठा घ्या, ते ३२-३३ पर्यंत येईल. ३० च्या खाली मात्र कधीच येणार नाही, कारण रेडिएटर फक्त उष्णतेला उताराने वाहू देतो आणि उतार खोलीच्या तापमानाला संपतो. त्याच्याही खाली जायचे तर उष्णतेला चढावर नेणारे काहीतरी हवे. पेल्टियर नेमके तेच करतो. इथपर्यंत मुलाचे तर्कशास्त्र बिनचूक आहे.

पेल्टियर हे नाव ज्याच्यावरून आले, तो जाँ शार्ल अतानास पेल्टिए हा फ्रेंच माणूस मूळचा घड्याळजी. घड्याळांचा धंदा सोडून तो प्रयोगांकडे वळला आणि १८३४ मध्ये त्याला दिसले की दोन वेगवेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज गेली की सांधा एका दिशेने गरम होतो, दिशा उलटवली तर गार. चार वर्षांनी सेंट पीटर्सबर्गला लेंझने बिस्मथ आणि अँटिमनीच्या सांध्यावर पाण्याचा थेंब ठेवला आणि तो गोठवून दाखवला. प्रवाह उलटवला, थेंब पुन्हा वितळला. एवढे सुंदर प्रात्यक्षिक होऊनही पुढची शंभर-सव्वाशे वर्षे याचा व्यवहारात म्हणावा तसा उपयोग झाला नाही. धातूंमध्ये हा परिणाम फार क्षीण असतो. अर्धवाहक आले, १९५० च्या दशकात बिस्मथ टेल्युराइडचे गुण लक्षात आले, तेव्हा कुठे आजचा मॉड्यूल शक्य झाला.

आत घडते ते असे. दाणे दोन जातींचे असतात. एका जातीत विजेबरोबर ऋण भार वाहतात, दुसरीत धन भार असल्यासारखी वागणारी पोकळी वाहते. जोडणी अशी चतुराईने केलेली असते की वीज एका दाण्यातून वर, पुढच्यातून खाली अशी नागमोडी जाते, पण उष्णता मात्र दोन्ही जातींतून एकाच दिशेने, थंड चकतीकडून गरम चकतीकडे नेली जाते. विजेच्या दृष्टीने १२७ जोड्या एकापाठोपाठ, उष्णतेच्या दृष्टीने शेजारीशेजारी.

पण उष्णता नेण्याबरोबर आणखी दोन गोष्टी घडतात, आणि सगळा संसार त्या दोन गोष्टींनी बिघडतो. दाण्यांना रोध असतो, म्हणून वीज जाताना ते स्वतः तापतात; त्या तापाचा साधारण अर्धा भाग थंड बाजूला परत येतो. शिवाय दाणे म्हणजे शेवटी घन पदार्थच. एका टोकाला गरम आणि दुसऱ्याला गार असेल तर उष्णता त्यांच्यातूनच मागे झिरपते. दोन बाजूंतला फरक जितका जास्त, तितकी झिरप जास्त. पेल्टियर हा असा हमाल आहे की तो तुमचे ओझे जिना चढवून वर नेतो खरा, पण वर पोहोचेपर्यंत त्यात स्वतःचे गाठोडेही भरतो, आणि वाटेत काही सामान खाली घरंगळू देतो.

आकडे घालून पाहू. १२७०६ ला बारा व्होल्ट दिले आणि दोन चकत्यांतला फरक २० अंश असेल, तर तो साधारण ६० वॅट वीज खातो आणि ३५ ते ४० वॅट उष्णता थंड बाजूने उचलतो. गरम बाजूला या दोन्हींची बेरीज पडते. १५० वॅटच्या प्रोसेसरला असे चार मॉड्यूल लागतील. त्यांची वीज २४० वॅट. म्हणजे आधी रेडिएटरला १५० वॅट हवेत टाकायचे होते, आता गरम बाजूच्या रेडिएटरला ३९० टाकायचे आहेत. आणि ही हवा म्हणजे त्याच वन-बीएचकेची हॉल-कम-बेडरूम. मुलाने चिप गार करायला खोलीत जणू आणखी दीड कॉम्प्युटर चालू करून ठेवला. तुलनेला, घरातला दीड टनी एसी दीडेक किलोवॅट विजेत पाच किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर फेकतो. कॉम्प्रेसर हा फार जुना, आवाज करणारा, गॅस गळणारा प्राणी आहे. पण उष्णता वाहण्यात पेल्टियर त्याच्या जवळपासही येत नाही.

हे वाचून बरेच जण इथेच थांबतात आणि पेल्टियर म्हणजे खेळणे असा निकाल देतात. मला तो निकाल घाईचा वाटतो. वरचा हिशेब वाईट येतो तो मॉड्यूल पूर्ण दमाने चालवल्यामुळे. उष्णता उचलण्याचे काम प्रवाहाच्या प्रमाणात वाढते, पण दाण्यांचा स्वतःचा ताप प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. प्रवाह निम्मा केला तर उचल निम्मी होते आणि ताप चौथाई. तेव्हा थोडे मॉड्यूल जोरात चालवण्यापेक्षा जास्त मॉड्यूल सावकाश चालवणे केव्हाही शहाणपणाचे. दोन-दोन मॉड्यूल एकापाठोपाठ जोडून कॉम्प्युटरच्या एसएमपीएसच्या बारा व्होल्टला लावले, तर प्रत्येकाला सहा व्होल्ट मिळतात. त्या अवस्थेत आणि चकत्यांतला फरक १५ अंशांवर राखला तर एक मॉड्यूल साधारण १५ वॅट खाऊन वीस-बावीस वॅट उचलतो. आठ मॉड्यूल, चार जोड्या, १२० वॅट वीज, आणि १५० वॅटचे काम थोडे हातचे राखून होते. विजेचा खर्च थेट निम्म्यावर. जास्तीचे चार मॉड्यूल म्हणजे हजारेक रुपये, आणि दोन्ही बाजूंना लांबट ब्लॉक. व्हिडिओंमध्ये दिसणारी चार मॉड्यूलची धडाकेबाज चळत पाहून कुणी खरेदीला निघत असेल, तर त्याला एवढी एकच गोष्ट समजली तरी पुष्कळ झाले.

फरक १५ अंशांवर राखायचा म्हणजे काय, हेही नीट पाहायला हवे. खोली ३० ची, पाणी २५ वर आणायचे, म्हणजे फरक पाचच अंशांचा, असे वाटते. तसे नसते. गरम बाजूचा रेडिएटर २७० वॅट टाकताना स्वतः ३७-३८ वर जातो. चकती आणि ब्लॉक यांच्यामधली थर्मल पेस्ट एखाद-दुसरा अंश खाते. थंड बाजूची चकती पाण्याहून दोन-तीन अंश खाली असावी लागते, नाहीतर उष्णता पाण्यातून चकतीकडे येणार कशी? असे करत पाच अंशांच्या गारव्यासाठी पंधरा-सोळा अंशांचा चढ चढावा लागतो. म्हणून थंड बाजूपेक्षा गरम बाजूवर खर्च करावा. हे नवख्याला उलटे वाटते, पण पेल्टियरच्या कोणत्याही कामात ते खरे आहे.

इथपर्यंतचे निरूपण पुण्याला, नागपूरला, कुठेही लागू आहे. यापुढचे मात्र इथल्या हवेचे.

हवा गार करत नेली की एका तापमानाला तिच्यातली वाफ तिला पेलवेनाशी होते आणि पाणी होऊन सुटू लागते. तो दवबिंदू. त्या तापमानाखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी जमते: फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर, एसीच्या कॉइलवर आणि थंड पाणी वाहणाऱ्या नळीवरही. मीरा-भाईंदर साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला वसलेले आहे. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, मध्ये मिठागरे आणि तिवरे. पावसाळ्यात या पट्ट्यात तापमान ३० आणि आर्द्रता ८० टक्के ही रोजचीच गोष्ट. त्या हवेचा दवबिंदू येतो २६ अंश. ३० आणि २६. खोलीच्या तापमानाखाली आणि दवबिंदूच्या वर, पाण्याला उतरायला एवढी चार अंशांची जागा आहे. मॉड्यूलच्या माहितीपत्रकावर कमाल फरक ६५-७० अंश छापलेला असतो. इथल्या हवेला त्या आकड्याशी देणेघेणे नाही.

मे महिन्यात पाऊस नसतो म्हणून सुटका होत असेल, असे कुणाला वाटेल. ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता धरा, दवबिंदू साडेपंचवीस. जागा थोडी वाढली, साडेसात अंश झाली, पण ती वाढली ते वरची कड चढली म्हणून, खालची उतरली म्हणून नव्हे. पाणी २६ च्या खाली नेता येत नाही ते नाहीच. जानेवारीच्या दुपारी मात्र हवा ३१ ची आणि आर्द्रता ४५ टक्के असली, तर दवबिंदू १८ च्या खाली जातो. तेव्हा या शहरात पेल्टियरला खरोखर काही करून दाखवता येते. पण जानेवारीत पंखासुद्धा लोक एकवर ठेवतात. ज्या दिवसांत गारवा हवा त्या दिवसांत तो घेता येत नाही, आणि घेता येतो तेव्हा नको असतो.

विदर्भात नेमके उलटे. मे महिन्यात नागपूरला पारा ४० च्या वर, आर्द्रता २० टक्के किंवा त्याहून कमी. ४० अंश आणि २० टक्क्यांचा दवबिंदू तेराच्या आत येतो. सत्तावीस अंशांची जागा! तिथे पाणी २० वर नेले तरी नळीला घाम येणार नाही. म्हणूनच तिथे वाळ्याचा कूलर घरोघरी चालतो आणि मीरा रोडला तोच कूलर लावला तर खोलीत नुसती वाफ कोंडते. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो, पेल्टियर विजेवर, दोघांचे तत्त्व वेगळे. पण दोघांनाही हवेत पाण्यासाठी शिल्लक असलेली जागा लागते. एकाला गारवा निर्माण करायला, दुसऱ्याला तो कोरडा ठेवायला. गंमत अशी की नागपूरकराने पेल्टियरच्या नादाला लागायचे कारणच नाही. त्याने रेडिएटर कूलरच्या झोतासमोर ठेवावा, काम फुकटात होते.

मग एसी लावलेल्या खोलीचे काय? एसी हवा गार करतोच, शिवाय कोरडी करतो. २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रता अशी खोली झाली तर दवबिंदू १४ वर येतो, म्हणजे अकरा अंशांची जागा मोकळी झाली. ही कोरडी हवा फुकट आलेली नाही. मे-जूनमध्ये मीरा रोडच्या शांतीनगर किंवा पूनम सागरच्या इमारतींखालून जाताना डोक्यावर टपटपणारे एसीचे पाणी म्हणजे खोलीतून काढलेली तीच वाफ. खालच्या मजल्याच्या पत्र्यावर ते पडते, त्यावरून सोसायटीत भांडणे होतात. एसी नसता आणि पाणी १५ वर नेले असते, तर त्यातला काही वाटा मदरबोर्डवर टपकला असता. पण एसी चालू करून खोली २५ वर आणली की साध्या रेडिएटरचे पाणीसुद्धा आपोआप ३०-३१ वर येते. पाच-सहा अंश एसीने दिलेच, आणि पेल्टियरपेक्षा कितीतरी स्वस्तात दिले. वर पेल्टियर लावला तर त्याचे जादा १२० वॅट पुन्हा एसीलाच खोलीबाहेर काढावे लागतात. एक उष्णता दोनदा वाहायची, दोन्ही वेळा बिल आपले.

आता या सगळ्यातून चिपला काय मिळते ते सांगायला हवे, कारण तेच मुळात हवे होते. पावसाळ्यातल्या बिनएसी खोलीत साध्या रेडिएटरने पाणी ३६ वर. पेल्टियरने, दवबिंदूच्या एक-दोन अंश वर राहून, २७-२८ वर. फरक आठ-नऊ अंश. चिपच्या आतल्या गाभ्यापासून पाण्यापर्यंत ३०-४० अंशांची घसरण असते, आणि पाणी गार केल्याने ती बदलत नाही. चिप फक्त तितकेच आठ-नऊ अंश खाली येते. समजा ७४ ऐवजी ६५. आजचे बहुतेक प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास पोहोचल्यावर वेग कमी करतात. ७४ आणि ६५ यांत वापरणाऱ्याला काही कळणार नाही. हे आठ-नऊ अंश दुसऱ्या मार्गाने हवे असतील तर प्रोसेसरची कमाल वॅट-मर्यादा बायॉसमध्ये थोडी खाली ओढावी. वेगात किंचित फरक पडतो, उष्णतेत बराच, आणि खर्च शून्य.

मोठ्या कंपन्यांनी हे सगळे करून पाहिले आहे, म्हणून त्यांच्याकडे पाहणे उपयोगाचे. २००७ च्या जानेवारीत डेलने एक्सपीएस ७१० चे एचटूसी नावाचे मॉडेल आणले. कॅनडातल्या कूलआयटी कंपनीचे तंत्र त्यात होते. तिथे पाणी आधी रेडिएटरमधून जाई आणि मग थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे पेल्टियरच्या, चिलरमधून, आणि चिलर किती चालवायचा हे एक सर्किट ठरवी. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. उताराने जाऊ शकणारी उष्णता आधी फुकट जाऊ द्यायची, चढावर न्यायची ती फक्त उरलेली. शिवाय कधी पेल्टियरची वीज गेली, त्याचा टाका सुटला, तर रेडिएटर आहेच. मार्गात फक्त पेल्टियर असेल तर अशा वेळी उष्णतेला दुसरी वाट राहत नाही. बंद पडलेला मॉड्यूल हा निव्वळ उष्णता अडवणारा तुकडा असतो. अर्थात, रेडिएटर आधी लावण्याला एक अट आहे: पाणी खोलीपेक्षा गरम असेपर्यंतच तो मदत करतो. पाणी खोलीपेक्षा गार झाले की तोच रेडिएटर खोलीची उष्णता पाण्यात ओढू लागतो. म्हणून त्या अवस्थेत त्याला वळसा घालणारी नळी आणि वॉल्व्ह हवा.

२०२० मध्ये इंटेलने क्रायो कूलिंग नावाचे तंत्र काढले. ईके आणि कूलर मास्टर या कंपन्यांनी त्यावर कूलर बनवले. त्यात पाणी थंड करत नव्हते. पेल्टियर थेट प्रोसेसरवर बसे आणि पाणी त्याच्या गरम बाजूची उष्णता नेई. प्रोसेसर रिकामा असताना उष्णता फार कमी निघते, मग पेल्टियरच्या थंड बाजूची प्लेट झपाट्याने गार होते आणि घाम धरते. यावर त्यांनी केलेला उपाय आपल्या मुद्द्याला अगदी धरून होता: तापमानाचा आणि आर्द्रतेचा सेन्सर, त्यावरून क्षणोक्षणी काढलेला दवबिंदू, आणि प्लेट त्याच्या खाली जाणार नाही एवढीच वीज. म्हणजे इंटेलनेही अखेर हवेलाच विचारले. कोरड्या देशात त्या कूलरने बरे काम केले असेल; भाईंदरच्या जुलैत तो बहुतेक वेळ हात राखूनच चालला असता. २०२३ मध्ये इंटेलने हे तंत्र गुंडाळले.

पेल्टियर कुठे शोभतो, तर जिथे उष्णता थोडी आणि तापमान नेमके हवे तिथे. फायबरच्या केबलमध्ये प्रकाश सोडणाऱ्या लेसरची तरंगलांबी अंशागणिक सरकते; तिथे नखाएवढा पेल्टियर तिला जागेवर धरतो. कोविडच्या काळात ज्या आरटी-पीसीआरचे नाव घरोघरी झाले, त्या यंत्रांत नमुना पुन्हा पुन्हा तापवायचा आणि निववायचा असतो. दिशा उलटवून दोन्ही करणारा पेल्टियर तिथे अगदी जागच्या जागी आहे. १५० वॅट सतत उपसत राहणे ही त्याची प्रकृती नव्हे.

या घामाने नुकसान किती होते, हाही प्रश्न आहे. दवाचे पाणी तसे शुद्ध असते, शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, असा युक्तिवाद कुणी करेल. पण मदरबोर्डवर धूळ असते, आणि समुद्रालगतच्या धुळीत मीठ. त्यात दव मिसळले की ते वाहक होतेच, वर तांब्यावर हिरवट थर चढवते. हे एका रात्रीत होत नाही. महिनाभर काही होत नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि मग एक दिवस कॉम्प्युटर चालू होता होता बंद पडतो. रिपेअरवाला ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन बसतो, पण सॉकेटच्या पिनांखाली शिरलेले काढणे त्याच्याही हातात नसते.

तरीही ज्याला करायचेच आहे, त्याने करू नये असे मी म्हणणार नाही. वीस-एकवीसच्या वयात एवढी भौतिकी हाताने शिकायला मिळत असेल तर पैसे वाया गेले असे कोण म्हणेल? फक्त जागा चार अंशांची आहे हे धरून बांधावे. आधी रेडिएटर, मग आठ मॉड्यूल सावकाश. गरम बाजूचा रेडिएटर खिडकीच्या ग्रिलमध्ये, बाहेर तोंड करून, म्हणजे ती उष्णता खोलीत राहणार नाही. तिथे खारी हवा आणि कबुतरे दोन्ही आहेत, तेव्हा जाळी लावावी आणि फिन्स दर महिन्याला धुवाव्यात. एक स्वस्तातला तापमान-आर्द्रतेचा सेन्सर आणि एखादा छोटा मायक्रोकंट्रोलर यांच्या जोरावर पाणी दवबिंदूच्या दोन अंश वर थांबवता येते; तेवढा प्रोग्रॅम कॉलेजचा कोणताही मुलगा लिहील. पाण्याची टाकी थोडी मोठी घ्यावी, कारण १५० वॅट एक लिटर पाणी अर्ध्या मिनिटात एक अंशाने तापवतात. पाच लिटर असतील तर सेन्सरला विचार करायला अडीच मिनिटे मिळतात. नळ्यांवर एसी मेकॅनिक तांब्याच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम चढवावा, सांध्यांपाशी फट न ठेवता, कारण दव फटीतूनच आत शिरते.

आणि प्रोसेसर बसवण्याआधी चाचणी घ्यावी. पंप आणि पेल्टियर चालू, मदरबोर्ड बाजूला, नळ्या, सांधे, ब्लॉक, टाकी सगळ्यांभोवती टिश्यू पेपर गुंडाळलेला, खिडकी उघडी, रात्रभर. सकाळी जिथे कागद ओला तिथे फोम कमी पडला किंवा सेन्सरची मर्यादा चुकली. ही चाचणी जुलैत घ्यायची. डिसेंबरात कागद कोरडा राहिला, तर तो इथे कुणाचाही राहतो.